आदल्या रात्रीचं घर

“साबुदाणा भिजवलास ना रे रात्री?”

सोमवारी सकाळी साडेसहाला आईनं विचारलं, तेव्हा मी दाराच्या कडीला अडकवलेल्या दुधाच्या पिशव्या काढत होतो. श्रावणातला सोमवार, आईचा उपवास. आमची ही आदल्याच रात्री नागपूरला गेली होती. बँकेचं सहा दिवसांचं प्रशिक्षण. जाण्याआधी तिनं फ्रीजवर वारांप्रमाणे यादी लावून ठेवली होती. सोमवारसमोर लिहिलं होतं, ‘आईंना खिचडी’. मी ती यादी सोमवारी सकाळी वाचली. सगळ्या आठवड्याची गोम तिथेच होती.

तरी मी हार मानली नाही. बांधकामाच्या साइटवर बावीस वर्षं काढलेला माणूस. खडी उशिरा आली तरी स्लॅब वेळेवर टाकतो. साबुदाण्यावर कढत पाणी ओतलं आणि झाकण ठेवलं. थंड पाण्याला रात्र लागते, तर कढत पाण्याला वीस मिनिटं पुरावीत, असं साधं त्रैराशिक. वीस मिनिटांनी झाकण काढलं तर पातेल्यात भिंतीला पोस्टर चिकटवायची खळ तयार होती, आणि त्या खळीत प्रत्येक दाण्याच्या पोटात पांढरा कडक ठिपका तसाच.

साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदातला जवळजवळ शुद्ध स्टार्च. आपल्याकडचा बराचसा तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो. स्टार्चचे कण थंड पाण्यात हळूहळू पाणी पितात, पण आपला आकार सोडत नाहीत. पाणी साधारण साठ-सत्तर अंशांच्या वर गेलं की मात्र ते फुगतात, फुटतात आणि त्यांची खळ होते. कढत पाण्यात दाण्याचा बाहेरचा थर क्षणात खळ होतो आणि हीच खळ आत जाऊ पाहणाऱ्या पाण्याची वाट अडवते. शेजारचे दाणेही तिलाच चिकटतात. म्हणजे जितकी घाई, तितका आतला दाणा कोरडा. काही कामं वेळच करतो; त्याच्या जागी उष्णता देऊन चालत नाही.

आईनं त्या दिवशी राजगिऱ्याचा लाडू आणि केळ्यावर भागवलं, तक्रारीचा शब्द न काढता. रात्री फोनवर मीच तक्रार केली. म्हटलं, “यादीत भिजवायचं लिहायला नको का?”

ही म्हणाली, “अरे, खिचडी लिहिलं म्हणजे भिजवणं आलंच ना त्यात!”

तिच्या ‘खिचडी’ या शब्दात आदली रात्र होती. माझ्या ‘खिचडी’त फक्त कढई होती. जोडीदार बाहेरगावी गेला की घर का कोलमडतं, याचं उत्तर हात कमी पडण्यात कमी आणि शब्दांच्या या फरकात जास्त सापडतं.

वाट पाहण्याची कामं

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षी शिकवतात. स्लॅब टाकायला एक दिवस लागतो, पण तो स्लॅब व्हायला एक दिवस लागत नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया पुढे कित्येक दिवस चालू असते. साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारायचं आणि पूर्ण ताकद तपासायची ती अठ्ठावीस दिवसांनी, ठोकळे दाबून. साइटच्या वेळापत्रकात क्युरिंगला स्वतःची पट्टी असते. त्या सात दिवसांत कोणी घमेली उचलत नाही, म्हणून मुकादम त्यांना सुट्टी म्हणत नाही. पुढचं सगळं काम त्या पट्टीवरून ठरतं.

घरात अशा पट्ट्या किती आहेत ते मी त्या आठवड्यात पहिल्यांदा मोजलं. साबुदाणा एक रात्र. विरजण सहा-आठ तास. डोशाचं पीठ: डाळ-तांदूळ भिजायला एक दुपार, वाटलेलं पीठ आंबायला एक रात्र. मटकी: भिजायला एक रात्र, मोड यायला एक दिवस. श्रावणात वालाचं बिरडं करायचं तर भिजवणं, मोड आणणं आणि मग बसून एकेक वाल सोलणं. यातल्या बहुतेक कामांत हाताचं काम पाच-दहा मिनिटांचं. बाकीचं काम पाणी, बुरशी-जिवाणू आणि घड्याळ करतात. पण ती पाच मिनिटं चुकली तर पुढचे दहा तास पैसे टाकून विकत मिळत नाहीत. मोड आलेली मटकी वाण्याकडे मिळते हे खरं. पण रात्री अकराला वाणी मिळत नाही.

सोमवारच्या त्या फोनवरच हिनं विचारलं होतं, “मटकी भिजवलीस का? बुधवारच्या डब्याला उसळ आहे.” बुधवारच्या डब्याचं सोमवारी रात्री. मी उठून वाटीभर मटकी पाण्यात टाकली. मंगळवारी सकाळी निथळून, ओल्या फडक्यात बांधून पातेल्यात ठेवली. मंगळवारी रात्री पुरचुंडी सोडली तर अर्ध्या इंचाचे पांढरे मोड. बावीस वर्षांत उभ्या केलेल्या कुठल्याही इमारतीनं मला इतकं खूश केलेलं नाही.

त्या पुरचुंडीत नेमकं काय होतं? कोरडं कडधान्य ही झोपलेली वनस्पती असते. पाणी आत शिरलं की तिची विकरं जागी होतात आणि साठवलेला स्टार्च, प्रथिनं मोडून वाढणाऱ्या अंकुराला पुरवू लागतात. म्हणूनच उसळ पचायला हलकी. दुसरी गोष्ट अधिक नवलाची: कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व मोड येताना तयार होतं.

हे कळलं त्याला एका युद्धाची पार्श्वभूमी आहे, आणि त्यात आपली माणसंही होती. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूट या गावी ब्रिटिशांच्या फौजेला तुर्कांनी डिसेंबर 1915 पासून एप्रिल 1916 पर्यंत वेढा घातला. अडकलेली फौज होती सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणींचे जवान होते. ताजी भाजी मिळेना. गोरे सैनिक घोड्याचं मांस खाऊ लागले. हिंदी शिपायांनी ते बराच काळ नाकारलं आणि त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. हिरड्या सुजणं, जुन्या जखमा पुन्हा उघडणं असा हा आजार. युद्धातल्या स्कर्व्हीवर उपाय शोधणाऱ्यांत लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या हॅरिएट चिक होत्या. त्यांनी आणि एलन डेल्फ यांनी कोरडी आणि मोड आलेली कडधान्यं गिनिपिगांना देऊन पाहिली आणि 1919 साली दाखवून दिलं की कोरड्या दाण्यानं स्कर्व्ही थांबत नाही, पण तोच दाणा भिजवून मोड आणला की थांबतो. क जीवनसत्त्व वेगळं काढून ओळखायला तेव्हा आणखी दहा-बारा वर्षं होती. फडकं, पाणी आणि एक दिवस, एवढ्या सामानाची ही औषधशाळा आपल्या आज्यांच्या ओट्यावर रोज चालू होती.

उलटी मोजणी

मंगळवारी संध्याकाळी धाकट्यानं जाहीर केलं की बुधवारी पीटीचा पांढरा गणवेश. तो गणवेश शनिवारच्या चिखलासकट बादलीत होता. बाहेर नाशिकचा श्रावणी पाऊस, उन्हाची एक सर, पावसाच्या तीन. मी शर्ट धुतला, पंख्याखाली टांगला, रात्री दोनदा चाचपला, सकाळी ओलसरच होता तो इस्त्रीनं वाळवला. रिक्षावाले काका येईपर्यंत शर्ट कोरडा झाला, पण वास गेला नाही. पावसाळी कपड्यांच्या या कुबट वासामागे मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा एक जिवाणू मोठा गुन्हेगार असल्याचं जपानी संशोधकांनी 2012 साली दाखवलं. कपडा जितका वेळ ओला, तितकी त्याची चैन. इस्त्रीची उष्णता शेवटी लागली. वास आधीच तयार झाला होता.

त्या रात्री मी टेंडरच्या जुन्या कागदाच्या पाठीवर पुढच्या चार दिवसांचा बारचार्ट काढला. थोरली म्हणाली, “बाबा, हे साइटचं आहे का?” म्हटलं, “नाही, डब्याचं.”

अशा वेळापत्रकाची शिस्त बांधली गेली ती 1957च्या सुमारास अमेरिकेत. ड्यूपाँ या रसायन कंपनीतले मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडमधले जेम्स केली यांनी कारखान्याच्या बांधकामासाठी ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत तयार केली. जवळपास त्याच वेळी, 1958 मध्ये, अमेरिकी नौदलानं पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट नावाची तशीच पद्धत वापरली. क्रिटिकल पाथचं मर्म दोन खेपांत आहे. पहिल्या खेपेला सुरुवातीपासून पुढे मोजत जायचं: हे काम लवकरात लवकर कधी सुरू होईल? दुसऱ्या खेपेला शेवटापासून मागे मोजत यायचं: शेवटची तारीख चुकू द्यायची नसेल तर हे काम उशिरात उशिरा कधी सुरू करायला हवं? दोन्हींत जे अंतर उरतं त्याला फ्लोट म्हणतात. ज्या कामांना फ्लोट शून्य, त्यांची साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. तिच्यातलं एक काम तासभर रेंगाळलं की अख्खा प्रकल्प तासभर रेंगाळतो.

आमच्या प्रकल्पाची शेवटची तारीख रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटं: रिक्षाचा हॉर्न. तिथून मागे मोजलं की डबा भरणं सात, पोळ्या साडेसहा, फोडणी सव्वासहा, मटकी बांधणं आदल्या दिवशी सकाळी, भिजवणं त्याच्याही आदल्या रात्री. स्वयंपाक सकाळी सुरू होतो असं मी वीस वर्षं समजत होतो. तो छत्तीस तास आधी सुरू होतो, आणि सुरू होताना आवाजही करत नाही.

प्रत्येक कामाचा फ्लोट वेगळा, हे कागदावर काढल्यावर दिसलं. मटकी दोन-तीन तास थांबते. कुकरची डाळ अर्धा तास. दुधाला फ्लोट नाही. गुरुवारी सकाळी साइटवरून फोन आला, मी तिकडे ‘शटरिंग खोलू नका’ म्हणेपर्यंत इकडे दूध शेगडीवरून खाली, ओट्याच्या फटीत. पाणी कितीही उकळलं तरी असं उतू जात नाही, मग दूधच का? पाण्यातला वाफेचा बुडबुडा वर येतो आणि फुटतो. दूध तापताना मात्र त्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश वर सायीचा पडदा धरतात. खालून येणारी वाफ त्याच्याखाली अडते. प्रथिनांमुळे बुडबुडे चिवट होतात, फुटत नाहीत, एकमेकांवर रचले जातात आणि सगळा फेस पडद्यासकट वर उचलला जातो. हे सगळं शेवटच्या अर्ध्या मिनिटात होतं. पातेल्यावर आडवा लाकडी डाव ठेवतात तो त्या फेसाला फोडण्यासाठी. डाव ठेवायचा, हे मला माहीत होतं. डाव कुठल्या खणात असतो ते माहीत नव्हतं.

बारचार्टची मर्यादाही लगेच कळली. काँक्रीटचे सात दिवस तक्त्यात छापलेले असतात. विरजणाचे तास नसतात. कोमट दुधात चमचाभर दही ढवळलं की त्यातले जिवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करू लागतात. आम्लता पुरेशी वाढली की दुधातलं केसीन हे प्रथिन गोठतं आणि दही लागतं. दूध फार गरम असेल तर जिवाणू मरतात, गार असेल तर सुस्तावतात. मे महिन्यात पाच तासांत आंबट होणारं दही डिसेंबरात पिठाच्या डब्यात ऊब देऊन ठेवलं तरी सकाळी हलतं. करंगळी बुडवून ‘एवढंच कोमट’ ठरवणारी बाई ऋतूप्रमाणे पट्टीची लांबी बदलत असते, कागदाशिवाय.

आईच्या गोळ्यांच्या पट्ट्याही याच कागदावर आल्या. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, चहाच्या आधी अर्धा ते एक तास, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब, कारण कॅल्शियम तिला आतड्यातच धरून ठेवतं. दोन्ही गोळ्या एकाच डबीत होत्या. मंगळवारी मी दोन्ही एकदमच आईच्या हातावर ठेवल्या. आईनं एक घेतली आणि दुसरी गुपचूप डबीत परत टाकली.

अर्धी आठवण नागपुरात

पहिल्या तीन दिवसांत मी हिला किती फोन केले ते सांगत नाही. गॅसचं पुस्तक कुठे, धाकट्याला वरणात गूळ चालतो का, मावशींना पगार कधी द्यायचा. वेंधळेपणा होताच, पण याचं मानसशास्त्रात एक स्पष्टीकरणही आहे.

डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1985 साली सहकाऱ्यांसह एक कल्पना मांडली. बरीच वर्षं एकत्र राहणारी माणसं आठवणी वाटून घेतात. काय आहे ते प्रत्येकाला ठाऊक नसतं. कोणाला ठाऊक आहे ते ठाऊक असतं. मला गाडीच्या विम्याची तारीख आठवते, तिला लसीकरणाची. दोघांची मिळून एक स्मृती तयार होते आणि ती दोन्ही डोक्यांत मिळून मावते. ही सोय आहे, कारण तेवढ्याच डोक्यांत दुप्पट मावतं. पण एक डोकं गाडीत बसून नागपूरला गेलं की दुसऱ्याला आपली निम्मी आठवण गेल्यासारखं वाटतं. खरं तर ती त्याच्याजवळ कधी नव्हतीच.

1991 मधल्या एका प्रयोगात वेग्नर आणि सहकाऱ्यांनी प्रेमात असलेल्या जोड्यांना आणि अनोळखी माणसांच्या जोड्यांना वेगवेगळ्या विषयांवरची माहिती लक्षात ठेवायला दिली. कोणी काय लक्षात ठेवायचं हे सांगितलं नाही, तेव्हा खऱ्या जोड्या अनोळखी जोड्यांपेक्षा सरस ठरल्या. न बोलता त्यांनी आपापले विषय घेतले. पण ‘खाण्याचं तू, इतिहासाचं तू’ अशी वाटणी बाहेरून लादली, तेव्हा त्या अनोळखी जोड्यांपेक्षा मागे पडल्या. जुनी न बोललेली वाटणी आणि नवी लादलेली वाटणी यांची टक्कर झाली. हा निष्कर्ष लक्षात ठेवा. आठवड्याच्या शेवटी लागणार आहे.

मराठी घरांनी ही वाटून घेतलेली आठवण भिंतीवरही टांगली आहे. जयंतराव साळगावकरांनी 1973 मध्ये ‘कालनिर्णय’ सुरू केलं तेव्हा त्यात तिथी, सण, उपवास होते. घराघरांत त्याच चौकोनांत पेन्सिलीनं दुसरं पंचांग लिहिलं गेलं: दुधाचे खाडे, मावशींचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख. 14.2 किलोचं सिलिंडर आपल्या घरात किती दिवस जातं, हे कुठल्याही मोजपट्टीवाचून त्या चौकोनांतल्या दोन खुणांमधल्या अंतरावरून कळतं. शनिवारी दूधवाला हिशेबाला आला. त्याच्या मते महिन्यात एकही खाडा नव्हता. भिंतीवर पाहिलं: महिन्याच्या पहिल्या तीन आठवड्यांत दोन ठिकाणी हिच्या हातचा ‘दू.×’. माझ्या आठवड्याचे चौकोन कोरे. बुधवारी दूध आलं होतं का? मला आठवेना. पैसे दिले.

दहा मिनिटांची चाळणी

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी 2019 साली 35 जोडप्यांच्या मुलाखतींवर आधारलेला एक शोधनिबंध लिहिला. घरकामाच्या डोक्यातल्या भागाचे त्यांनी चार टप्पे पाडले: काय लागणार आहे ते आधी हेरणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि ते झालं का यावर नजर ठेवणं. त्यातली लक्षात राहणारी बाब अशी की निर्णय बहुतेक दोघं मिळून घेतात. पहिला आणि शेवटचा टप्पा मात्र मुख्यतः बायकांकडे असतो. आमच्याकडेही ‘उसळ करू या’ हा निर्णय सर्वानुमते होतो. सोमवारी रात्री मटकी आठवणं आणि मंगळवारी फडकं सुकलं नाही ना ते बघणं एकमतानं होत नाही.

भारतात वेळेच्या वापराची पहिली देशव्यापी पाहणी 2019 मध्ये झाली. सहा वर्षांवरच्या 81.2 टक्के बायकांनी आणि 26.1 टक्के पुरुषांनी पाहणीसाठी घेतलेल्या दिवशी स्वतःच्या घरचं बिनपगारी काम केलं होतं. ज्यांनी केलं त्यांची सरासरी: बायका 299 मिनिटं, पुरुष 97. पुढची पाहणी 2024 मध्ये झाली. आकडे 289 आणि 88. पाच वर्षांत दोघांचंही काम थोडं घटलं, अंतर जिथल्या तिथे.

हे आकडे घेण्याची पद्धत पाहिली की एक गंमत दिसते. पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंत दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे कप्पे करतात आणि एका कप्प्यात किमान दहा मिनिटं चाललेली कामं नोंदतात. पाहणीला कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण आदल्या रात्रीचं घर त्या रेघेखालून निसटतं. मटकी पाण्यात टाकणं: दोन मिनिटं. विरजण: एक मिनिट. ‘उद्या पीटी’ हे झोपता झोपता आठवणं: चार सेकंद. यातलं काहीही नोंदवहीत येणार नाही. 289 मिनिटं हे घमेली उचलण्याचं माप झालं. क्युरिंगच्या पट्ट्या कोण सांभाळतं हे त्यात नाही.

आइसलंडमधला शुक्रवार

एका अख्ख्या देशातल्या बायका एका दिवसापुरत्या कामावरून दूर झाल्याची घटना आहे. 24 ऑक्टोबर 1975, शुक्रवार. आइसलंडमधल्या सुमारे 90 टक्के बायकांनी ऑफिस, कारखाने, मुलं आणि स्वयंपाकघर सगळ्याला एक दिवस सुट्टी दिली. राजधानी रेक्याविकमध्ये जवळजवळ 25 हजार जणी जमल्या. देशाची लोकसंख्या तेव्हा सव्वादोन लाखांच्या आत होती. बापांनी मुलांना कामावर नेलं. मालकांनी मुलांसाठी खाऊ आणि पेन्सिली आणून ठेवल्या. पुरुषांनी त्या दिवसाला पुढे ‘लांबलचक शुक्रवार’ म्हटलं. पुढच्याच वर्षी तिथे समानतेचा कायदा झाला, आणि 1980 मध्ये विग्दिस फिन्बोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या.

या हकिगतीत नेहमी सांगितला जाणारा एक तपशील आहे: त्या दिवशी दुकानांतले सॉसेज संपले. लोक हसतात, पुरुषांना दुसरं काही रांधता येत नव्हतं म्हणून. मला त्या आठवड्यानंतर ते वेगळं दिसलं. सॉसेज हा आदली रात्र नसलेला पदार्थ आहे. पाणी उकळा, टाका, खा. आमच्याकडे त्या गुरुवारी रात्री जे झालं, म्हणजे दोन मिनिटांच्या नूडल्स, त्याचाच तो मोठा भाऊ. आदली रात्र ज्याच्या हातून सुटली त्याच्यासाठी बाजार अशा वस्तू मांडून ठेवतो आणि त्या रात्रीचे पैसे लावतो.

आइसलंडच्या पुरुषांना एका बाबतीत नशीब चांगलं लाभलं होतं. तो संप एका दिवसाचा होता, आणि त्या दिवसापुरतं विरजण आदल्या रात्री बायकांनीच लावलेलं असणार. आठवडा मोठा असतो. तिसऱ्या दिवसापासून घर तुमच्याच आदल्या रात्रींवर चालू लागतं.

पुढचा सोमवार

शुक्रवारपर्यंत मला लय सापडली होती. रात्री दहाला ओटा पुसून झाला की मी उद्याकडून मागे मोजत यायचो: डबा, गणवेश, गोळ्या, दही. पाच मिनिटांचं काम. शनिवारी सकाळी कवडी धरलेलं घट्ट दही मी आईला दोनदा दाखवलं.

रविवारी सकाळी ही परत आली. बॅग ठेवून फ्रीजवरच्या यादीकडे गेली. तिच्या सातही ओळींच्या डावीकडे मी पेन्सिलीनं नवा रकाना पाडला होता: ‘आदली रात्र’. ती वाचून हसली, म्हणाली, “हे काय लिहायचं असतं?”

म्हटलं, “ज्याला माहीत आहे त्याला नाही.”

दिवस गप्पांत, कपडे धुण्यात गेला. रात्री आम्ही दोघं निवांत झोपलो. आठवड्यात पहिल्यांदाच मी दहा वाजता उद्यापासून मागे मोजलं नाही. ही आली आहे, म्हणजे झालं. तिनंही मोजलं नाही. यादीतला नवा रकाना तिनं पाहिला होता, तो आता माझा आहे असं तिनं धरलं.

सोमवारी सकाळी साडेसहाला, दुधाच्या पिशव्या काढता काढता मला आठवलं. श्रावणातला पुढचा सोमवार. मी वळून हिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं, “साबुदाणा?”

आई ओट्याशी उभी होती. तिनं पातेल्यावरची ताटली बाजूला केली. आत मोत्यासारखा मोकळा, फुललेला साबुदाणा.

“दोघं घरात आहात म्हटल्यावर,” ती म्हणाली, “रात्री मीच भिजवून ठेवला.”